आत्ती जहाजावर, आम्ही धक्क्यावर

जहाज कुणासाठी थांबत नाही. ही माहिती मी कुठं वाचलेली नाही. ते माझ्यासाठी थांबलं नाही, त्यावरून मला कळली. माझ्याबरोबर आमचे आबा, म्हणजे माझे वडील होते. वय ऐंशीच्या पुढं, डोक्याला पटका, पायात नवे कोरे बूट. आणि माझ्या अंगात एक अर्धी चड्डी होती, जिच्यावर पोपट छापलेले होते. पण हे सगळं समजायला आधी आत्ती समजायला पाहिजे.

कमलआत्ती म्हणजे आबांची धाकटी बहीण. तासगावजवळच्या एका गावात तिची द्राक्षबाग आहे. नवरा लवकर गेला, पदरात एकच मुलगी, वैशाली. वैशाली मिरजेला नर्सिंग शिकली. तिच्याबरोबरच्या मुली कुणी दुबईला गेल्या, कुणी लंडनला. ही गेली ती थेट प्रवासी जहाजावरच्या दवाखान्यात. अशा जहाजांवर नोकरी करणाऱ्यांच्या घरच्या माणसांना तिकिटात चांगली सवलत असते. पहिल्या वर्षी आत्ती गेली ती मुलगी वेळेवर जेवते का हे बघायला. मुलगी वेळेवर जेवत होती. तरी दुसऱ्या वर्षी आत्ती पुन्हा गेली. त्यानंतर कारण सांगायचंही तिनं सोडून दिलं. द्राक्षाचा माल गाडीत भरून झाला, की आत्ती बॅग भरते.

आता त्या भागात कुणाचे लेक-जावई, कुणाचे निवृत्त गुरुजी जहाजानं फिरायला निघाले, की आधी आत्तीकडं चहाला येतात. आत्ती पडवीत बसून बेदाणे निवडता निवडता त्यांना तयार करते. खोली नेहमी जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्यायची, असं ती सांगते. एसटीत मागच्या सीटवर बसलेला माणूस आपटत जातो आणि मधला झोपून जातो, जहाजाचं तसंच. पहिल्या दिवशी मोठी बॅग त्यांच्या ताब्यात जाते आणि खोलीपाशी यायला संध्याकाळ उजाडते (हा शब्दप्रयोग तिचाच), म्हणून औषधं आणि एक जोड कपडे खांद्याच्या पिशवीत ठेवायचे. बोळ लांबच्या लांब आणि सगळी दारं एकसारखी, म्हणून दाराला आपली खूण लावायची. ती स्वतः विणलेलं लोकरीचं तोरण नेते. पोटात ढवळायला लागलं, तर खोलीत आडवं व्हायचं नाही. मोकळ्यावर जायचं, आल्याचा तुकडा चघळायचा आणि लांब पाणी जिथं संपतं तिथं नजर लावायची.

जेवणाच्या दालनाबद्दल तर तिची मतं फार पक्की आहेत. आत शिरल्या शिरल्या ताट उचलणारा माणूस तिच्या मते वाया गेलेला. "बाजारात गेल्या गेल्या पयल्याच वांग्यावर कोण झडप घालतंय व्हय? आदी रिकाम्या हातानं एक फेरी मारायची. मग ताट." वाढणाऱ्या पोरांची नावं ती पहिल्याच दिवशी विचारून घेते. नाव घेऊन हाक मारली, की गोरा असो की काळा, माणूस वळून हसतोच, असा तिचा अनुभव. नावं ती आपल्या सोयीनं दुरुस्त करते. फिलिपिन्सचा एक जेरोम तिच्याकडं गेली काही वर्षं जयराम म्हणून नांदतोय, आणि तो त्या नावाला ओ देतो. जहाजावरच्या पोहण्याच्या तळ्याला मात्र ती नाकं मुरडते. खाली एवढा समुद्र असताना वर हौदात डुंबायचं, हे तिला आजवर पटलेलं नाही.

या सगळ्यात माझी अडचण अशी, की आमच्या भावकीत प्रवासाचं खातं माझ्याकडं होतं. कराडजवळच्या मलकापुरात माझं मोटार वायंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान आहे, पण लोक मला ओळखतात ते सहलींमुळं. तिरुपती असो, रामेश्वर असो, गाडी ठरवण्यापासून गाडीत कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं नाही इथपर्यंत सगळं मी बघायचो. माझी एक पद्धत होती. आधी फार विचार करायचा नाही, तिथं पोचलं की बघू. या पद्धतीनं आम्ही दोनदा भलत्याच गावात मुक्काम केला होता, पण तेही गाव चांगलं होतं.

आणि मग एक दिवस आत्ती मलकापूरला आली आणि आबांना जहाजानं न्यायचं म्हणाली. आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी वाळवंटात नाही तर बर्फात. "दादानं रेती बघितली, बरफ बघितला," आत्ती म्हणाली. "समिंदर तेवडा ऱ्हायलाय. त्यो मी दावणार."

मुंबईहून गोवा, गोव्याहून कोची आणि परत मुंबई, असा प्रवास होता, आणि वैशालीची नोकरी त्याच जहाजावर होती. आबांच्या सोबतीला म्हणून मला आणि सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, बरोबर घेतलं. निदान आत्तीच्या मते सोबतीला. माझ्या मते नियोजनाला.

निघायच्या आधी आत्तीनं फोन करून बजावलं, की इस्त्री, चहाची किटली, विजेचा बोर्ड यातलं काही आणू नका. जहाजावर आगीला फार भितात. मी व्हय व्हय म्हणालो आणि फोन ठेवून तिन्ही वस्तू बॅगेत घातल्या. माझा धंदाच विजेचा. ज्या माणसानं निम्म्या कराड तालुक्याच्या मोटारी भरल्या, त्याला कुणी किटली नेऊ नको म्हणावं, हे मनाला लागतं. शिवाय तो बोर्ड काही साधा नव्हता. लाकडी खोक्यावर मी स्वतः बसवलेला, चार सॉकेट, दोन बटणं, वर एक लाल दिवा आणि आतून बाहेर येणाऱ्या तीन रंगांच्या वायरी. औषधं आणि कपडे पिशवीत ठेवायची सूचना आबांनी आणि सुनीतानं पाळली. मी नियोजक असल्यामुळं ती मला लागू नव्हती.

मुंबईला आम्ही जहाजावर चढलो. सगळ्यांच्या बॅगा आल्या, माझी आली नाही. थोड्या वेळानं फोन आला, की तुम्ही खाली सुरक्षा खात्यात या. गेलो. एका पांढऱ्या टेबलावर माझा बोर्ड ठेवलेला होता आणि त्याच्याभोवती गणवेशातली माणसं जरा अंतर राखून उभी होती. त्यातल्या मोठ्या साहेबानं हिंदीत विचारलं, की हे काय आहे. मला वाटलं कौतुकानं विचारतोय. मी छाती पुढं काढून म्हणालो, "मैंने खुद घर में बनाया है."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

पुढचा बराच वेळ मी एका खुर्चीवर बसून होतो. शेवटी वैशाली आली, तिच्यामागून आत्ती आली. आत्तीनं टेबलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि साहेबाला आपल्या हिंदीत सांगितलं, की हा माझा भाचा आहे, मनानं चांगला आहे. 'मनानं' या शब्दावर तिनं जो भार दिला, त्यावरून साहेबाला बाकीचं समजलं. मला सोडलं. बॅग मात्र पूर्ण तपासून दुसऱ्या दिवशी मिळेल, असं सांगितलं. म्हणजे माझ्याकडं अंगावरच्या कपड्यांशिवाय काही नव्हतं, आणि त्या कपड्यांवर टर्मिनलवरच सांबार सांडलेलं होतं. जहाजावरच्या दुकानात माझ्या मापाची एकच चड्डी शिल्लक होती. पोपटांचा उल्लेख वर आलाच आहे.

खोलीच्या बाबतीतही मी माझं डोकं चालवलं होतं. आत्ती आणि सुनीताची खोली मधली, खालच्या मजल्यावरची. आबांची आणि माझी खोली मी हट्टानं पार पुढची, उंचावरची घेतली होती, समोरचा समुद्र दिसावा म्हणून. समुद्र दिसला. संध्याकाळपासून तो खिडकीत वर यायचा आणि खाली जायचा, आणि त्याच्याबरोबर माझ्या पोटातलं जेवणही. (फेरी न मारता पहिल्याच टेबलावर ताट भरून घेतलेलं जेवण.) मी न्हाणीघराच्या दाराला धरून बसलो. आबा मात्र खिडकीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आयुष्यभर फौजी ट्रकच्या मागं बसून डोंगर पालथे घातलेले. त्यांना ते हलणं पाळण्यासारखं वाटत होतं. मध्येच ते मला म्हणाले, "विलास, ह्यो समिंदर संपतच न्हाई बग." मला त्या वेळी नेमकं तेच नको होतं.

सकाळी गोवा आलं. जमीन दिसली आणि मी पुन्हा माझ्या खात्यात आलो. पाण्यावर आत्तीचं राज्य असेल, पण जमिनीवर गाडी ठरवायला, रस्ता विचारायला, भाव करायला माझ्यासारखा माणूस नाही. मी जाहीर केलं, की आबांना आज मी गोवा दाखवणार. आत्ती म्हणाली, लांब जाऊ नका, जवळचं बघा आणि जेवणाला परत या. वेळ जहाजाच्या घड्याळाची धरायची, आणि जहाज सुटायच्या बरंच आधी फाटक बंद होतं, हेही तिनं सांगितलं. मी त्यातला 'सुटायच्या' एवढाच शब्द ऐकला. आपण एसटीवर वाढलेली माणसं. एसटी सुटायची वेळ म्हणजे ड्रायव्हरनं चहा प्यायला जायची वेळ. त्या हिशोबानं माझ्याकडं भरपूर सवड होती. सुनीता पाय दुखतात म्हणून आत्तीबरोबर थांबली. तिचे पाय एरवी कधी दुखत नाहीत. माझ्याबरोबर सहलीला निघायचं म्हटलं की दुखतात.

निघताना आत्तीनं आबांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात एक कापडी बटवा घातला आणि वरून बटण लावलं. मला वाटलं अंगारा असेल.

टॅक्सी केली. एक देऊळ झालं, एक किनारा झाला. आबा वाळूत उभे राहिले, बूट काढून पाय भिजवून घेतले, खूश होते. तिथून परत फिरलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण आमच्या मलकापुरातल्या एका मित्रानं मला एका खानावळीचं नाव सांगितलं होतं, जिथल्यासारखं माशाचं कालवण जगात कुठं नाही. ती शोधायला आम्ही निघालो. ड्रायव्हरला ती माहीत नव्हती. वाटेत विचारलेल्या कुणालाच ती माहीत नव्हती. शेवटी जिथं ती असायला पाहिजे होती, तिथं चष्म्याचं दुकान निघालं. मग तिथूनच जवळच्या दुसऱ्या खानावळीत बसलो. आबांनी दोनदा विचारलं, की वेळ काय झाली. मी सांगितलं, की सुटायला अजून लय वेळ आहे, आणि आणखी एक सोलकढी मागवली.

येताना चढावर एक ट्रक आडवा झालेला होता. त्याच्यामागं आम्ही, आमच्यामागं सगळं गोवा.

बंदराच्या फाटकापाशी उतरलो तेव्हा जहाज समोर उभं होतं. मी आबांना म्हणालो, की बघा, आहे की नाही. फाटकावरच्या माणसाला ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, आत घेणं बंद झालं, शिडीपण काढली. मी म्हणालो, अहो, सुटायची वेळ अजून झालेली नाही. तो म्हणाला, बरोबर, म्हणून तर ते अजून दिसतंय. मी त्याच्या हातापाया पडलो, पण शिडी त्याच्या हातात नव्हती. मी आबांचा हात धरून दुसरं एखादं फाटक आहे का म्हणून पळायला निघालो, तेवढ्यात फोन वाजला. आत्ती होती. वरच्या मजल्यावर कठड्याशी एक हिरवा ठिपका दिसत होता, तो म्हणजे तिचं लुगडं.

"पळू नगंस," ती म्हणाली. "पळून जहाज गावत न्हाई, निस्ता गुडगा जातोय. दादा कुटं हाय?"

"हितंच हायत. माज्याजवळ."

"त्येला सावलीत बसीव. पाणी पाज. आन मग मी काय सांगती ते ऐक. आता तरी ऐक."

मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं सलग, मध्ये न बोलता ऐकलं. वैशालीनं जहाजावरच्या साहेबांशी बोलणं केलं होतं. कोचीच्या बंदरातल्या त्यांच्या माणसाला आमची नावं कळवली होती. जहाज उद्या दुपारी कोचीला लागणार. आम्ही टॅक्सीनं मडगाव स्टेशन गाठायचं, तिथून संध्याकाळची केरळची गाडी धरायची, सकाळी उतरायचं आणि कोचीच्या बंदरावर जाऊन बसायचं. तिथं जहाजाचे लोक आम्हाला परत आत घेणार. "दादाच्या खिशात बटवा हाय," ती म्हणाली. "त्यात त्येच्या उद्यापत्तुरच्या गोळ्या हायत, बिस्किटाचा पुडा हाय, आदारकार्ड हाय. साखर उतरली तर आदी बिस्किट दे, मग बाकीचं."

मी विचारलं, की हे सगळं तिनं आधीच कसं भरलं होतं.

"तू संगट हुतास म्हून," ती म्हणाली.

मग भोंगा झाला. एवढं प्रचंड जहाज हललं कधी ते कळलंच नाही, फक्त त्याच्या आणि धक्क्याच्या मध्ये पाणी दिसायला लागलं. वरचा हिरवा ठिपका हात हलवत होता, पदरानं तोंड पुसत होता, पुन्हा हात हलवत होता.  ऐंशीच्या पुढचा बाप, त्याला साखरेचा त्रास, परका मुलूख आणि बरोबर मी. यातली सगळ्यात धोक्याची गोष्ट कुठली, हे मला तेव्हा स्वच्छ दिसलं. मी आबांकडं बघायचं धाडस करत नव्हतो. आबा दगडावर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "फौजेत आसतास तर तुला उलटा टांगला आसता." मग उठले, पटका नीट केला आणि टॅक्सीकडं चालायला लागले. मी त्यांच्यामागून गेलो. त्या क्षणापासून सहलीचं खातं माझ्याकडून गेलं ते गेलंच.

मडगाव स्टेशनवर सगळं आबांनी केलं. तिकीट तपासनीसाला त्यांनी पलटणीचं नाव सांगितलं. त्याचा चुलता त्याच पलटणीत निघाला. आम्हाला दोन बर्थ मिळाले. डब्यात सगळे माझ्याकडं बघत होते. समोरच्या बाकावर एक मल्याळी आजोबा होते. त्यांनी माझ्या चड्डीकडं बराच वेळ बघितलं, मग आपली पिशवी उघडली आणि एक धुतलेली पांढरी लुंगी माझ्या हातात दिली. मी नको म्हणालो. त्यांनी हात जोडले. मी लुंगी नेसलो. डब्यात सगळ्यांना बरं वाटलं.

गाडी कारवारच्या पुढं गेली तेव्हा खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसला, सोनेरी झालेला. आबा बिस्किट खाता खाता तिकडं बघत म्हणाले, "कमळी पाण्याला लय भ्यायाची."

मला ते खरंच वाटेना. पण आबा सांगत गेले. लहानपणी औदुंबरला कृष्णा ओलांडताना ती नावेत डोळे मिटून, आबांच्या सदऱ्याचं टोक धरून बसायची. वैशालीनं पहिल्यांदा जहाजाचं तिकीट पाठवलं, तेव्हा ती मलकापूरला येऊन आबांना विचारून गेली होती, की मी परत आले नाही तर बाग कुणाच्या नावानं करायची. पहिल्या फेरीत ती बोळात हरवली. सगळी दारं सारखी, भाषा येईना, वैशाली कामावर. शेवटी जिन्यावर बसून रडली. तेव्हा तो जेरोम, म्हणजे जयराम, तिला हाताला धरून खोलीपर्यंत घेऊन गेला. परत आल्यावर तिनं तोरण विणायला घेतलं. पहिल्या फेरीत तिची बॅगही अडकली होती, कारण तिनं त्यात विळी घातली होती. आणि दुसऱ्या फेरीत एका बंदरावर ती धापा टाकत शिडी उचलायच्या आधी जेमतेम चढली होती.

"ती सांगती ते समदं तिनं आदी भोगलंय," आबा म्हणाले. "तुला वाटतंय ती शानपना शिकवती. ती तिची फजिती तुज्या वाट्याला येऊ ने म्हून सांगती."

 इतकी वर्षं मी आत्तीच्या सूचनांवर हसत आलो होतो. लग्नकार्यात तिची नक्कल करून दाखवायचो, मधली खोली, खालची खोली, एसटीची सीट. लोक हसायचे. आणि ती सुद्धा हसायची. माझी पण फजिती झाली होती, असं तिनं कधी मला सांगितलं नाही. तिनं फक्त फजितीतून निघालेलं सार तेवढं दिलं, गाळून, साखर घालून. आणि मी ते ओतून देत आलो.

सकाळी उतरलो, आबांना डोसा खायला घातला, गोळ्या दिल्या आणि बंदरावर जाऊन बसलो. जहाज यायला अवकाश होता. दुपारी लांब पाण्यावर एक पांढरा ठिपका आला. तो वाढत वाढत एवढा मोठा झाला, की आबांना मान मागं टाकून बघावं लागलं. त्यांचा पटका मागच्या मागं पडला, तो मी उचलला. त्यांनी तो पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग म्हणाले, "आत बसून जहाज कुटं दिसतंय? भाईरनं बगितलं तवा कळलं केवडं हाय. आन आपली कमळी त्यात एकली फिरती."

शिडी लागली. उतरणाऱ्यांत आत्ती पहिली होती. तिला पुढं सोडा म्हणून जयराम सगळ्यांना बाजूला करत होता. मी बोलणी खायच्या तयारीनं मान खाली घालून उभा राहिलो. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. थेट आबांपाशी गेली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"दादा, जेवलास?"

"जेवलो. तू?"

 मागून आलेल्या सुनीतानं सांगितलं, की काल संध्याकाळपासून आत्तीनं चहाशिवाय काही घेतलं नाही. गोव्याचा किनारा दिसेनासा होईपर्यंत कठड्याशी उभी होती, आणि आज सकाळी उजाडायच्या आधीपासून पुन्हा तिथंच. फोनवर माझ्याशी बोलताना तिचा आवाज इतका थंड होता, की मला वाटलं होतं, हिला अशा गोष्टींची सवयच असेल.

मग ती माझ्याकडं वळली. "लय भ्याले हुते रं मी," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा तिनं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. मी वाकून नमस्कार केला. वाकताना लुंगी सुटली. आतून पोपट बाहेर आले. जयराम म्हणाला, व्हेरी नाइस, आणि आत्ती जी हसायला लागली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. त्यातलं किती पाणी हसण्याचं होतं, ते मी विचारलं नाही.

परतीच्या प्रवासात मी माझी खोली बदलून घेतली. मधली, खालची. मोकळ्यावर उभा राहून आलं चघळलं. जेवणाच्या दालनात रिकाम्या हातानं एक फेरी मारली आणि पहिल्यांदा कळलं, की पलीकडच्या कोपऱ्यात गरम गुलाबजाम असतात. पहाटे आत्ती आबांना वर घेऊन जायची. दोघं भावंडं शाल पांघरून, एकमेकांशी न बोलता, सूर्य पाण्यातून वर येईपर्यंत बसायची. मी जरा मागं थांबायचो. ही सूचना आत्तीनं कधी कुणाला दिलेली नाही, म्हणून मी देतो: जहाजावर बघण्यासारखं सगळ्यात चांगलं तेच होतं.

आता आत्तीची कीर्ती सांगली जिल्हा ओलांडून इकडं साताऱ्यात आलीय. गेल्या महिन्यात म्हसवडच्या एका महिला मंडळानं तिला जहाजप्रवासावर बोलायला बोलावलं. मंडळानं मलाही आग्रहानं बोलावलं होतं. मी नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो. मला वाटलं, आपली सहलींची ख्याती पोचली असणार. आत्ती छान बोलली. खोली, बॅग, फेरी, आलं, सगळं सांगितलं. बायका मन लावून ऐकत होत्या. शेवटी एका बाईनं उठून विचारलं, की आवं, आन ह्यातलं कायच पाळलं न्हाई, तर काय हुतं?

 आत्ती नुसतं माझ्याकडं बघून, "विलास, जरा उबा ऱ्हा," म्हणाली.

मी उभा राहिलो. टाळ्या मला आत्तीपेक्षा जास्त पडल्या.